जर्मनीतल्या वृद्धनिवासात नर्सची नोकरी: पगार किती हे नंतर, शिफ्टला माणसं किती हे आधी विचारा

प्रश्न थोडक्यात असा: जीएनएम झालेल्या आणि पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात आयसीयूत काम करणाऱ्या सिस्टरना एका एजन्सीने जर्मनीतल्या वृद्धनिवासातली नोकरी सुचवली आहे. ‘महिना साडेतीन हजार युरो, राहायची सोय, जर्मन भाषा आम्ही शिकवू’ असा प्रस्ताव आहे. त्यांना विचारायचंय की हा आकडा खरा का, हातात किती पडतात, एका शिफ्टला किती पेशंट असतात आणि सही करण्याआधी काय तपासायचं.

आकडा खरा आहे. पण तो पहिल्या दिवसापासून मिळत नाही, आणि या नोकरीत माणूस थकतो, सोडून जातो तो बहुधा पगारामुळे नव्हे. पगाराला तिथे कायद्याचा भक्कम आधार आहे. शिफ्टला किती जणी उभ्या असतील याला तेवढा आधार नाही. म्हणून उत्तराचा मोठा भाग त्यावर आहे. पण आधी पैशाचं बोलून घेऊ.

वृद्ध-देखभालीच्या क्षेत्रासाठी जर्मनीत वेगळं किमान वेतन आहे. १ जुलै २०२५ पासून तासाचे दर असे आहेत: प्रशिक्षण नसलेल्या मदतनिसाला १६.१० युरो, किमान एक वर्षाचं प्रशिक्षण झालेल्या मदतनिसाला १७.३५ युरो आणि पूर्ण पात्र नर्सला, तिथल्या बोलीत ‘फाखक्राफ्ट’ला, २०.५० युरो. दर ठरावीक काळाने वाढतात, त्यामुळे सही करताना त्या दिवशीचा दर बघा. आठवड्याला ४० तास धरले तर २०.५० च्या दराने महिन्याला सुमारे ३,५६५ युरो होतात, ३९ तास धरले तर ३,४७५ च्या आसपास. एजन्सीचे साडेतीन हजार इथून आले आहेत, म्हणजे तो काही खास दिलेला पगार नाही, कायद्याचा तळ आहे. शिवाय १ सप्टेंबर २०२२ पासून जी संस्था सामूहिक वेतनकरारानुसार किंवा त्या भागातल्या सरासरी वेतनाइतका पगार देत नाही, तिला देखभाल विमा निधीशी (रहिवाशाच्या देखभालीचा काही खर्च हा निधी उचलतो) करारच करता येत नाही, आणि त्या निधीशिवाय वृद्धनिवास चालत नाही. त्यामुळे अनुभवी फाखक्राफ्टला प्रत्यक्षात याहून जास्त मिळतं. किमान वेतन पाळलं जातं की नाही हे तिथे सीमाशुल्क खातं तपासतं, अचानक येऊन.

आपल्याकडे २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला किमान २०,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली. अंमलबजावणी राज्यांवर सोडली गेली आणि आजही कितीतरी नर्सिंग होममध्ये त्याखाली पगार आहेत. जर्मनीत ही वेळ येत नाही, आणि ही गोष्ट लहान नाही.

आता पहिल्या दिवसाचं. तुमची जीएनएमची पदविका किंवा बीएससी नर्सिंगची पदवी तिथे आपोआप चालत नाही. त्या राज्याचं कार्यालय तुमच्या अभ्यासक्रमाचे तास त्यांच्या अभ्यासक्रमाशी ताडून बघतं आणि काय कमी पडतं याचं लेखी पत्र देतं. मग दोन वाटा असतात: पूरक प्रशिक्षण किंवा ज्ञान-परीक्षा. परीक्षेत तोंडी आणि प्रात्यक्षिक असे दोन भाग असतात आणि नापास झाल्यास ती एकदाच पुन्हा देता येते. सोबत जर्मन भाषेची बी-२, म्हणजे बऱ्यापैकी सफाईने बोलता-लिहिता येण्याची, पातळी. यात सहसा सहा महिने ते वर्ष जातं, काही जणींचं दीड वर्षही. तोवर तुम्ही कागदोपत्री मदतनीस असता, मग आयसीयूत व्हेंटिलेटर सांभाळलेला असो वा नसो. या काळात किमान दर १६.१० म्हणजे ३९ तासांच्या आठवड्याला महिना सुमारे २,७३० युरो. काही संस्था १७.३५ चा दर देतात; तो मागून घ्यावा, कारण तुमचं प्रशिक्षण एक वर्षाहून कितीतरी जास्त आहे आणि भाषेखेरीज तो न देण्याचं सबळ कारण संस्थेकडे नसतं.

कपातीचंही आधीच समजून घ्या. निवृत्तिवेतन ९.३ टक्के, बेरोजगारी विमा १.३, आरोग्य विमा ७.३ अधिक त्या विमा कंपनीच्या जादा वर्गणीचा अर्धा भाग, देखभाल विमा १.८ आणि तुम्हाला मूल नसेल व वय २३ पूर्ण असेल तर आणखी ०.६. एकूण साडेएकवीस टक्क्यांच्या जवळपास. त्यावर आयकर. एकट्या व्यक्तीच्या करवर्गात २,७३० पैकी १,९०० च्या आसपास आणि ३,५०० पैकी २,३०० च्या आसपास हातात येतात. यातून खोलीचं भाडं, महिन्याचा १८.३६ युरोचा रेडिओ-टीव्ही कर (टीव्ही नसला तरी भरावाच लागतो, एका घराला एक), प्रवासाचा पास, फोन. पहिलं वर्ष घरी मोठी रक्कम पाठवता येईल असं गृहीत धरून गावाकडे कर्ज काढू नका.

भत्त्यांबद्दल फार गैरसमज असतात. ‘रविवारचे ५० टक्के, सणाचे १२५ टक्के’ असं जे ऐकू येतं ती करमाफीची मर्यादा आहे. तेवढा भत्ता मिळेलच असं नाही. कायद्याने सक्तीचा आहे तो फक्त रात्रीच्या कामाचा मोबदला, पैशात किंवा जादा सुट्टीत. बाकी सगळं वेतनकरारावर. करार असेल तर रात्रीला १५ ते २० टक्के आणि रविवारला २५ टक्के हे नेहमीचे दर. २०.५० च्या दराने साडेसात तासांच्या रविवारचे साधारण ३८ युरो जादा, नऊ तासांच्या रात्रीचे २० टक्क्यांनी ३७ युरो. महिन्यात दोन रविवार आणि चार रात्री केल्या तर सव्वादोनशे युरोंची भर, तीही करमुक्त. सुट्ट्या: पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्याच्या २० दिवसांवर या क्षेत्रासाठी आणखी ९, म्हणजे २९ दिवस पगारी रजा. आजारपण त्यात धरत नाहीत.

इथपर्यंत सगळं ठीक वाटतं. आता माणसांचा हिशेब.

वृद्धनिवास म्हटल्यावर आपल्याकडचा वृद्धाश्रम डोळ्यांपुढे आणू नका. चालतीफिरती माणसं तिथे घरीच राहतात. २०२३ अखेर जर्मनीत देखभालीची गरज असलेले सुमारे ५७ लाख लोक होते आणि त्यांतले जेमतेम सात-आठ लाख अशा निवासांत. जे येतात ते बहुतेक ऐंशी-नव्वदीचे, स्मृतिभ्रंश झालेले, अंथरुणाला खिळलेले किंवा दोघांनी धरल्याशिवाय उभे न राहणारे. प्रत्येकाची गरज १ ते ५ अशा श्रेणीत ठरवलेली असते. १ जुलै २०२३ पासून या श्रेणीवरून कर्मचाऱ्यांची कमाल संख्या काढतात. पात्र नर्ससाठी गुणक असे: श्रेणी २ च्या एका रहिवाशामागे ०.१०३७ पद, श्रेणी ३ मागे ०.१५५१, श्रेणी ४ मागे ०.२४६३, श्रेणी ५ मागे ०.३८४२. प्रशिक्षित आणि अप्रशिक्षित मदतनिसांचे गुणक वेगळे.

साठ रहिवाशांचं घर घेऊ: श्रेणी २ चे १२, श्रेणी ३ चे २४, श्रेणी ४ चे १६, श्रेणी ५ चे ८. नर्सची पदं येतात १२. प्रशिक्षित मदतनीस साडेसहा, अप्रशिक्षित नऊ. एकूण साडेसत्तावीस. ऐकायला भरपूर वाटतं. पण एक पूर्ण पद म्हणजे वर्षाला ३९ गुणिले ५२ तास नव्हेत. त्यातून २९ दिवस रजा, दहा-एक सार्वजनिक सुट्ट्या, वीस दिवस आजारपण आणि तीन-चार दिवस प्रशिक्षण वजा केलं की उरतात साधारण १,५५० तास. बारा नर्सचे मिळून दिवसाला ५१ तास. त्यातले साडेनऊ तास रात्रीच्या एका नर्सचे. उरलेल्या ४१ तासांत साडेसात तासांच्या पाच शिफ्ट बसतात: सकाळी तीन नर्स, संध्याकाळी दोन. मदतनीस धरून सकाळी सात जणी, संध्याकाळी पाच-सहा, रात्री दोन. म्हणजे सकाळी प्रत्येक जणीकडे आठ-नऊ रहिवासी, संध्याकाळी अकरा-बारा, रात्री तीस. आणि नर्स म्हणून जबाबदारी सकाळी वीस जणांची, संध्याकाळी तीस, रात्री साठ.

हे सगळी पदं भरलेली असताना, आणि कमाल संख्येच्या हिशेबाने. बाराऐवजी नऊच नर्स असतील तर दिवसाच्या शिफ्ट चारवर येतात. तीन मजल्यांच्या घरात मग दोन नर्स तीन मजले सांभाळतात. किमान किती हव्यात हे राज्याराज्यांत वेगळं. जुना सर्वसाधारण नियम म्हणजे देखभाल करणाऱ्यांपैकी निम्मे पात्र असावेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने ज्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तिथल्या २०१५ च्या नियमावलीत दिवसा ३० रहिवाशांमागे एक नर्स आणि रात्री ४५ मागे एक कर्मचारी असं धरलं होतं. बव्हेरियात रात्रीला ३० ते ४० मागे एक. रुग्णालयांच्या अनेक विभागांना देशभर लागू असलेली शिफ्टनिहाय किमान मर्यादा आहे, उदाहरणार्थ आयसीयूत दिवसा दोन पेशंटमागे एक नर्स. वृद्धनिवासांना तशी देशव्यापी मर्यादा नाही. आयसीयूतून येणाऱ्या सिस्टरला हाच फरक सगळ्यात जास्त जाणवतो.

एक सकाळ कशी जाते ते बघा. साडेसहाला रात्रीच्या नर्सकडून हॅन्डओव्हर. पावणेसात ते साडेनऊ या वेळात तुमच्या आठ जणांना उठवणं, धुणं, कपडे, दात किंवा कवळी, डायपर, त्वचा बघणं, प्रेशरचे मोजे चढवणं. आपल्याकडे स्पंजिंग आणि बेडपॅन मावशी बघतात, उरलेलं नातेवाईक. तिथे नातेवाईक राहत नाहीत आणि हे काम नर्सचंच आहे. श्रेणी ५ च्या एका माणसाला २५ ते ३० मिनिटं लागतात, लिफ्टरने खुर्चीत बसवायचं तर दुसरी व्यक्ती लागते, आणि ती दुसरी व्यक्ती दुसऱ्या खोलीत असते. मधेच साडेसातला नाश्त्याआधीची इन्सुलिन, वीस जणांच्या गोळ्या, डोळ्यांचे थेंब. गिळायला त्रास असलेल्यांना घट्ट केलेलं पेय चमच्याने, एकेकाला वीस मिनिटं; घाई केली की अन्न श्वासनलिकेत जातं आणि तीन दिवसांनी न्यूमोनिया. आठ जणांचे नुसते २५ मिनिटांनी २०० मिनिटं होतात आणि वेळ आहे १६५. ही तूट रोजची असते. एक मदतनीस आजारी पडली की आठाचे दहा-अकरा होतात.

मग काय सुटतं? क्रम जवळपास ठरलेला आहे. आधी चालवणं-फिरवणं, मग तोंडाची स्वच्छता, मग पाणी पाजणं, मग दर दोन-तीन तासांनी कूस बदलणं. चालवणं सुटलं की सहा आठवड्यांत सांधे आखडतात आणि दोन श्रेणी हलका असलेला माणूस अंथरुणाला खिळतो, म्हणजे काम आणखी वाढतं. पाणी सुटलं की गोंधळलेपण, पडणं, मूत्रमार्गाचा संसर्ग. यात सर्वांत घातक सवय म्हणजे न केलेल्या कामापुढे ‘केलं’ अशी खूण करणं. कूस बदलण्याच्या तक्त्यावर सगळ्या खुणा आणि माकडहाडावर दुसऱ्या टप्प्याची जखम (बेडसोर), असं तपासणीत निघालं तर उत्तर देणारी व्यक्ती खूण करणारीच असते. जे झालं नाही तिथे ‘झालं नाही, कारण अमुक’ असंच लिहा.

जबाबदारीही नीट समजून घ्या. २०२० पासून लागू असलेल्या कायद्याने रहिवाशाची गरज ठरवणं, देखभालीची आखणी करणं आणि तिच्या दर्जाचं मूल्यमापन हे फक्त पात्र नर्सचं काम आहे. मदतनिसाला काम सोपवलं तर योग्य व्यक्ती निवडली का, नीट सांगितलं का, झाल्यावर बघितलं का, हे तीन प्रश्न तुम्हालाच विचारले जातात. आणि मान्यता येण्याआधी तुम्हाला रात्रीची एकमेव नर्स म्हणून लावता येत नाही, मॉर्फिनच्या कपाटाची किल्ली देता येत नाही. कुणी ‘तुम्हाला तर सगळं येतं’ म्हणून लावत असेल तर नकार द्या, तोही लेखी.

माणसं कमी का, याचं मूळ पैशाच्या रचनेत आहे. विमा निधी ठरावीक रक्कमच देतो: २०२५ मध्ये श्रेणी ३ ला महिना १,३१९ युरो, श्रेणी ५ ला २,०९६. त्यापुढचा खर्च रहिवाशाचा. जुलै २०२५ मध्ये पहिल्या वर्षाच्या रहिवाशाला सरासरी ३,१०८ युरो खिशातून द्यावे लागत होते. कर्मचाऱ्यांचे पगार वाढले किंवा एक पद वाढलं की ते त्याच बिलात जातं. त्यामुळे कमाल संख्येपर्यंत पदं मागायला कित्येक संस्था कचरतात, आणि मागितलेल्या पदांना माणसं मिळत नाहीत. नर्स कमी पडल्या की मग खोल्या रिकाम्या ठेवाव्या लागतात, उत्पन्न घटतं, आणि आहेत त्यांच्यावर ताण येतो.

सही करण्याआधी मुलाखतीत विचारायचं ते असं. किती रहिवासी आणि कोणत्या श्रेणीचे किती? मंजूर नर्सपदं किती आणि आज भरलेली किती? गेल्या महिन्याचं रोस्टर नावं झाकून दाखवाल का? रोस्टर हा एकच कागद मागायचा असेल तर हाच मागा; त्यावर नियोजित शिफ्ट आणि प्रत्यक्ष शिफ्ट दोन्ही असतात आणि खाडाखोड किती आहे त्यावरून घर कसं चालतं ते कळतं. कुणी आजारी पडलं तर कोण येतं, राखीव माणसं आहेत की सुट्टीवरच्यांना फोन? रात्री किती जणी? सकाळ-संध्याकाळ अशी तुटक ड्युटी आहे का? किती रविवार? कायद्याने वर्षातून किमान १५ रविवार मोकळे आणि दोन शिफ्टमध्ये ११ तासांची विश्रांती आहे. देखभाल संस्थांना ती १० पर्यंत आणता येते, पण पुढे भरून द्यावी लागते. संध्याकाळी नऊला सुटून सकाळी साडेसहाला हजर व्हायला सांगत असतील तर तो सहसा नियमभंग असतो. हॅन्डओव्हरचा वेळ कामाचाच धरायचा असतो. तपासणीचे अहवाल सार्वजनिक असतात. ‘प्फ्लेगेलोत्से’ या संकेतस्थळावर संस्थेचं नाव टाकून बघा.

करारातलं एक कलम नीट वाचायचं: ‘दोन-तीन वर्षांआधी सोडल्यास इतके हजार युरो परत’. अशी अट सरसकट बेकायदा नाही, पण दर महिन्याला रक्कम उतरत गेली पाहिजे आणि संस्थेच्या चुकीमुळे सोडावं लागलं तर ती लागू होता कामा नये. सोडण्याचं कारण न बघता सगळ्यांना लागू होईल असं लिहिलेलं कलम न्यायालयात सहसा टिकत नाही. एजन्सीचं कमिशन तर कर्मचाऱ्याकडून वसूल करता येत नाही, असं जर्मनीच्या संघीय कामगार न्यायालयाने २० जून २०२३ च्या निकालात म्हटलं आहे. भारतात एजन्सी तुमच्याकडून भाषावर्गासाठी किंवा ‘प्रोसेसिंग’साठी पैसे मागत असेल तर तिथेच थांबा, जर्मन सरकारमान्य न्याय्य-भरतीच्या शिक्क्याच्या एजन्सीला उमेदवाराकडून पैसे घ्यायला बंदी आहे. खोलीचं भाडं नोकरीच्या करारात न गुंतवता वेगळ्या भाडेकरारात ठेवा, नाहीतर नोकरी सोडली त्या दिवशी घरही जातं.

तिथे गेल्यावर शिफ्ट धोक्याची वाटली तर एक साधन आहे: लेखी धोकासूचना. ती तक्रार नव्हे, कर्मचाऱ्याचं कायदेशीर कर्तव्य आहे. तारीख, शिफ्ट, मजला, रहिवाशांची संख्या, रोस्टरवर किती आणि हजर किती, कोणती कामं होऊ शकत नाहीत, त्याने कुणाला काय धोका, किती वाजता कुणाला फोन केला आणि काय उत्तर आलं, एवढंच लिहा. ‘खूप ताण आहे’ असं मोघम लिहिलेलं काही कामाचं नसतं. ‘दुसऱ्या मजल्यावर २८ रहिवासी, दोघी हजर, श्रेणी ५ चे पाच जण १० वाजेपर्यंत धुतलेले नाहीत, तिघांना पाणी दिलेलं नाही’ हे कामाचं. शिफ्ट संपायच्या आत द्या, प्रत कर्मचारी परिषदेला, म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडलेल्या समितीला (चर्चच्या संस्थांत कर्मचारी प्रतिनिधींना), एक प्रत रहिवाशांची नावं वगळून स्वतःकडे. यामुळे तुमची काळजी घेण्याची जबाबदारी संपत नाही, पण व्यवस्थापनाला ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणता येत नाही. सूचना दिली म्हणून शिक्षा करता येत नाही.

सुट्टीच्या दिवशी फोन आला तर साधारणपणे उचलायचं बंधन नसतं. नव्या मुली पहिले तीन महिने प्रत्येक फोनला ‘हो’ म्हणतात, मग भाषेचा अभ्यास मागे पडतो, परीक्षा लांबते आणि २०.५० ऐवजी १६.१० वर आणखी सहा महिने जातात. तासाला ४.४० युरोंचा फरक, महिन्याला साधारण साडेसातशे. परीक्षा होईपर्यंत जादा शिफ्ट महिन्याला दोनपेक्षा जास्त घेऊ नका, आणि अभ्यासाचे तास रोस्टरमध्ये धरून देतील का हे मुलाखतीतच लिहून घ्या. काही अडलं तर ‘फेअर इंटिग्रेशन’ ही स्थलांतरित कामगारांसाठीची सल्लासेवा मोफत आहे, तिला तुमच्या मालकाशी काही देणंघेणं नाही. करारावर सही करण्याआधीही तिथे कागद दाखवता येतो.